इंदूर: दोन खाण्यांच्या मधली प्रेक्षणीय स्थळं

इंदूरला जाणारा मराठी माणूस दोन याद्या घेऊन निघतो. एक होळकरांची, दुसरी खाण्याची. आमच्या घरात पहिली यादी आईने केली होती: राजवाडा, छत्र्या, लालबाग, महेश्वर. दुसरी चिरंजीवांच्या मोबाइलमध्ये होती: सराफा, छप्पन, पुन्हा सराफा. जाऊन आल्यावर माझं मत असं झालंय की खाण्याची यादी आधी लावावी आणि होळकरांना तिच्या फटींत बसवावं. वाडे दिवसभर जागेवर असतात, पदार्थ नसतात. पोहे सकाळचे, सराफा रात्री नऊनंतरचा, गराडू फक्त थंडीतला. इथे प्रत्येक खाण्याची वेळ ठरलेली आहे आणि इंदूरकर ती कचेरीच्या वेळेपेक्षा जास्त पाळतात.

मुक्काम रामबागेत, आईच्या मामेबहिणीकडे. म्हणजे माझी मावशी. लग्न होऊन इंदुरात आली ती इथलीच झाली. तिची मराठी शुद्ध आहे, पण भाजीवाल्याशी, मोलकरणीशी आणि काकांवर रागावताना हिंदी. काका वीज मंडळातून निवृत्त झालेत आणि आता पूर्णवेळ पाहुण्यांना शहर दाखवतात.

शुक्रवार

बोरिवलीहून रात्री गाडीत बसलो, सकाळी इंदूर. काका कानटोपी घालून स्टेशनवर हजर. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे सकाळी मुंबईकराची दातखिळी बसेल असा गारठा.

"आधी घरी जाऊन आंघोळी करू," आई म्हणाली.

"आंघोळी होतील हो ताई, पोहे संपतील," असं म्हणून काकांनी रिक्षा थेट एका टपरीसमोर उभी करायला लावली.

इंदुरी पोहे आणि आपले कांदेपोहे यांचं नातं फक्त आडनावाचं. खाली मोठ्या पातेल्यात पाणी उकळत असतं, वर पोह्यांची परात. पोहे कढईत परतत नाहीत, वाफेवर ठेवतात. तेल बेताचं, हळद, साखर आणि बडीशेप. त्यामुळे ते तासन्‌तास मऊ आणि मोकळे राहतात. वर बारीक कांदा, कोथिंबीर, मूठभर शेव, डाळिंबाचे दाणे, लिंबू आणि सगळ्यात शेवटी जीरावन. जीरावन म्हणजे जिरं, धणे, आमचूर, काळं मीठ, सुंठ, हिंग वगैरे घालून केलेला इथला मसाला. इंदुरात तो पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर, उकडलेल्या बटाट्यावर, कशावरही भुरभुरतात. सोबत गरम जिलेबी. पोह्यांचा एक घास, जिलेबीचा एक तुकडा, असं आळीपाळीने खायचं. जिलेबी शेवटी गोड म्हणून राखून ठेवलीत की शेजारचा माणूस तुमच्याकडे दयेने बघतो.

आईने दोन घास घेऊन विचारलं, "यात फोडणी कुठाय?"

पोहेवाल्याला मराठी समजत होतं. "माताजी, फोडणी घर पे. इधर तो भाप."

आईला उत्तर पटलं नाही, पण पोहे तिने संपवले. मराठी जिभेला अगदीच चुकल्यासारखं वाटलं तर उसळ-पोहे मागावेत. पोह्यांवर तिखट उसळ घालून देतात. राजवाड्याच्या आसपास मिळतात आणि काकांच्या मते इंदूरच्या मराठी माणसाने शहराला दिलेली ही सगळ्यात टिकाऊ देणगी आहे.

इथेच एक सांगून ठेवते: सगळीकडे एक प्लेट घ्यायची आणि तिघाचौघांत वाटायची. हा कंजूसपणा नाही, हेच इथलं तंत्र आहे. दोन ठिकाणी पोटभर खाल्लंत की उरलेली आठ ठिकाणं नुसती बघावी लागतात.

आंघोळी, विश्रांती आणि दुपारी राजवाडा. सात मजल्यांचं ते दर्शनी दार चौकातून एकदम समोर येतं. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. मराठी वाड्याची बांधणी, पण उंचीमुळे वाड्यापेक्षा किल्ल्याच्या दारासारखा धाक. हा वाडा अनेकदा जळला. 1801 मध्ये शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली, इंदूर लुटलं तेव्हा जळला. पुढे 1984 च्या दंगलीत मागचा भाग बेचिराख झाला. आज आत दिसतो तो बराचसा भाग नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेला आहे. आत मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. आईला खंडोबा इतक्या लांब भेटेल असं वाटलं नव्हतं. तिने पदराची गाठ सोडून नाणं काढलं, "येळकोट" पुटपुटली आणि त्या क्षणापासून इंदूर तिला परमुलुख वाटेनासं झालं.

काकांनी चौकात उभं राहून हातवारे करत इतिहास सांगितला. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वराहून चालायचा, इंदूर तेव्हा राजधानी नव्हती. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरची लढाई होळकर हरले, जानेवारी 1818 मध्ये मंदसौरचा तह झाला आणि त्यानंतर राजधानी इंदुरात आली. म्हणजे हे शहर मोठं झालं ते राज्य इंग्रजांच्या मांडलिकीत गेल्यावर. "हार के बाद बना शहर है भिया," काका माझ्या मुलाला म्हणाले. मुलगा वर माना वळवून मजले मोजत होता.

राजवाड्यापासून चालत कृष्णपुरा छत्र्या. होळकर घराण्यातल्या मंडळींच्या या समाध्या कान्ह नदीच्या काठी आहेत. काळ्या दगडातलं कोरीव काम सुरेख, ऊन उतरतीला लागल्यावर जास्तच. नदीबद्दल मात्र खरं सांगायला हवं. 2017 पासून देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून ओळीने बक्षीस घेणाऱ्या या गावातले रस्ते बघून मान खाली जाते, आपल्या गावाच्या आठवणीने. पण छत्रीच्या पायरीवर बसून खाली पाहिलं की नदीच्या वाट्याला ते कौतुक अजून आलेलं नाही हे कळतं.

काच मंदिर तिथून जवळ, इतवारिया बाजारात. सेठ हुकुमचंद या गिरणीमालकांनी बांधलेलं जैन मंदिर. भिंती, खांब, छत, सगळीकडे काचेचे तुकडे. गाभाऱ्यात समोरासमोर लावलेल्या आरशांत मूर्तीच्या प्रतिमा इतक्या मागे मागे जातात की शेवट सापडत नाही. फोटो काढू देत नाहीत, ते एका अर्थी बरंच आहे. अर्धा तास पुरतो.

संध्याकाळी छप्पन दुकान. नावाप्रमाणे ओळीने छप्पन दुकानं, न्यू पलासियात. 2020 मध्ये हा रस्ता गाड्यांसाठी बंद करून फरसबंदी केली, बाकं टाकली. आता इथे म्हातारी माणसं निवांत बसून खाऊ शकतात, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटला. मुलगा जॉनी हॉट डॉगसमोर रांगेत लागला. इथला हॉट डॉग म्हणजे तव्यावर शेकलेल्या पावात टिक्की, आणि अंड्याचा हवा असेल तर बेंजो. दुकान एवढंसं, यादी त्याहून छोटी, गर्दी प्रचंड. दोनतीनच वस्तू वर्षानुवर्षं करत राहिलं की काय होतं ते तिथे दिसतं. आई अंड्याच्या तव्यापासून चार हात लांब, विजय चाट हाऊसचं खोपरा पॅटिस खात उभी. बाहेर बटाट्याचं पातळ आवरण, आत ओल्या नारळाचं सारण. कोकणातली बाई नारळाबद्दल सहसा चांगलं बोलत नाही (बाहेरच्या नारळाबद्दल), पण या पॅटिसला तिने "बरं आहे" म्हटलं, म्हणजे फारच आवडलं.

मावशीने मधुरमची शिकंजी पाजली. शिकंजी म्हटल्यावर मी लिंबू सरबत समजून ग्लास उचलला आणि हाताला वजन लागलं. इंदूरची शिकंजी दुधाची असते: आटवलेलं दूध, केशर, सुकामेवा, किंचित आंबटसर चव, आणि एवढी दाट की ती प्यायची की खायची हा प्रश्न पडावा. एका ग्लासात दोघींचं भागतं.

शनिवार

एकादशी होती. आईचा उपास. "मग आज रात्री सराफ्याला मी घरीच थांबते," तिने सकाळीच जाहीर केलं. मावशी नुसती हसली.

सकाळी लालबाग. 1886 मध्ये दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात काम सुरू झालं आणि 1921 मध्ये, तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात संपलं. दरवाजे लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसच्या दरवाज्यांच्या धर्तीवर, इंग्लंडहून ओतवून आणलेले. आत इटालियन संगमरवर, झुंबरं, छतावर रंगवलेल्या विलायती देवता. राजवाड्यातून थेट इथे आलं की एकाच घराण्याने किती लांबचा प्रवास केला ते कळतं. मला सगळ्यात आवडली ती स्वयंपाकघराची गोष्ट. मुदपाकखाना नदीच्या पलीकडच्या काठावर आणि तिथून महालात ताटं यायची ती भुयारातून. फोडणीचा वास पाहुण्यांच्या नाकात जाऊ नये म्हणून केवढी यातायात! आजचं इंदूर नेमकं उलट आहे. वासानेच माणसं गोळा करतं.

काकांनी इथेच तिसऱ्या तुकोजीरावांची कहाणी सांगितली. दरबारातली नर्तकी मुमताज इंदूर सोडून मुंबईला गेली. जानेवारी 1925 मध्ये मलबार हिलवर तिच्या गाडीवर हल्ला झाला आणि तिच्यासोबत असलेले व्यापारी अब्दुल कादिर बावला मारले गेले. खटला गाजला, धागे इंदूरपर्यंत पोचले, आणि 1926 मध्ये महाराजांना गादी सोडावी लागली. हा महाल पुरा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. मुलगा एवढा वेळ कंटाळलेला होता, तो एकदम काकांना चिकटून चालायला लागला.

गादीवर आलेल्या यशवंतरावांना बापाचा थाट नको होता. त्यांनी 1930 च्या दशकात एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतला. सरळ रेषा, साध्या भिंती, युरोपातल्या नव्यातल्या नव्या पद्धतीचं फर्निचर. ते फर्निचर 1980 मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. महालात आता केंद्र सरकारच्या कर खात्याचं ऑफिस आहे, त्यामुळे आम्ही बाहेरून बघून पुढे निघालो.

लालबाग आणि राजवाडा सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार धरून येणाऱ्यांनी हे आधीच बघून घ्यावं.

दुपारी झोप. ही झोप ऐच्छिक नाही. सराफ्याला जायचं तर घ्यावीच लागते.

रात्री साडेनऊला निघालो. आईसुद्धा. मावशीने तिला एकच वाक्य सांगितलं होतं: "ताई, अर्धा सराफा फरियालीच आहे." फरियाली म्हणजे उपासाचं.

सराफा हा दिवसा सोन्याचांदीचा बाजार. राजवाड्यामागच्या अरुंद गल्ल्या, सराफांच्या पेढ्या. आठ-साडेआठला शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच पायऱ्यांवर शेगड्या मांडल्या जातात. रात्री लोकांची वर्दळ राहिली की दुकानांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच खाणावळ्यांना जागा दिली, असं सांगतात. दहाच्या सुमाराला पाय ठेवायला जागा नसते आणि हे एक-दोन वाजेपर्यंत चालतं. शनिवारी तर माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे नेते. लहान मूल किंवा वयस्कर माणूस सोबत असेल तर मधल्या वारी जा. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच सोडा आणि पायी आत शिरा.

जोशींच्या दहीवड्याकडे रांग होतीच. दही घातलेला द्रोण हवेत उडवून झेलायचा आणि मग चिमटीत एकदम घेतलेले मसाले बोटांच्या फटींतून एकेक करून वेगळे सोडायचे, ही तिथली कारागिरी. मुलाने व्हिडिओ काढला, मी दहीवडा खाल्ला. माझा वाटा चांगला होता. वडा मऊ आणि दही गोडसर घट्ट.

भुट्टे का कीस हा इथला अस्सल माळवी पदार्थ. मक्याचं कणीस किसून तुपात परततात, दूध घालून शिजवतात, वर मिरची, कोथिंबीर, खोबरं, लिंबू. थोडा गोड, थोडा तिखट, पोत मऊ. परतल्यावर घरी करून बघावा असा सराफ्यातला हा एकच पदार्थ आहे. बाकीच्यांना तेवढी मोठी कढई लागते.

इकडे आईचा उपास जोरात सुरू होता. साबुदाण्याची खिचडी इथे परातीत वाफेवर तयार असते. मागणी आली की त्यात बटाट्याचा चिवडा, शेंगदाणे, मिरची, लिंबू आणि फरियाली मसाला घालून हाताने कालवतात.

"धनिया?" पोराने विचारलं.

"उपासाला कोथिंबीर?" आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात मागे घेतला.

मग गराडू. गराडू म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीतला कंद, थंडीतच येतो. चौकोनी तुकडे आधी एकदा तळून ठेवतात, गिऱ्हाईक आलं की पुन्हा कडक तळतात. बाहेरून खमंग, आत पिठूळ. वर लिंबू आणि जीरावन. कंद चालतो, जीरावन चालत नाही, यावर दोघी बहिणींची भर गर्दीत चर्चा झाली. शेवटी सैंधव मीठ घालून एक द्रोण आला. त्यानंतर रबडी, कारण दूध चालतंच. मग नागोरींची शिकंजी, तेही दूधच. काका मला हळूच म्हणाले, "एकादशी, दुप्पट खाशी." आईने ऐकलं, पण चमचा खाली ठेवला नाही.

मुलाने जलेबा घेतला. जलेबा म्हणजे तळहाताहून मोठी, वजनावर विकली जाणारी जिलेबी. एकच घ्या, सगळ्यांना पुरते. मावाबाटी, मालपुवे नुसते बघितले. अंगभर सोन्याचे दागिने घालून कुल्फी विकणारा एक गृहस्थ आहे, त्याच्याभोवती मोबाइलची भिंत होती. अलीकडे सराफ्यात मोमो, नूडल्स, पेटवलेलं पान असलंही बरंच घुसलंय. त्यासाठी इंदूरला यायची गरज नाही. ज्या गाड्यावर मावश्या आणि आजोबा उभे असतील तिथे थांबावं, जिथे फक्त कॅमेरे उभे असतील तिथून पुढे जावं.

निघताना बारा वाजून गेले होते. गर्दी तशीच आणि तिच्या कडेकडेने झाडूवाल्यांचं काम सुरू. शेजारी एकाने द्रोण खाली टाकला, तर अनोळखी बाईंनी "भिया, डस्टबिन उधर है" म्हणून त्याला उचलायला लावला. त्यानेही काही न बोलता उचलला. मला बक्षिसांपेक्षा हे जास्त पटलं.

रविवार

26 जानेवारी. द्वादशीचं पारणं आईने पोह्यांनी सोडलं आणि या वेळी फोडणीची चौकशी केली नाही.

गाडी करून महेश्वरला निघालो. साधारण नव्वद किलोमीटर, पण वाटेत महू लागतं आणि प्रजासत्ताक दिनाला महूवरून नुसतं पुढे जाणं बरोबर वाटेना. 14 एप्रिल 1891 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे जन्मले. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत होते. जन्मस्थानी आता पांढऱ्या संगमरवरातलं, स्तूपासारख्या घुमटाचं स्मारक आहे. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं लांबलांबून आली होती, त्यांत विदर्भातून आलेला एक मोठा गट. त्यातल्या आजींनी आईला विचारलं, "कुठच्या तुम्ही?" गाव निघालं, जिल्हा निघाला, आणि त्यांनी डब्यातली तिळाची वडी आईच्या हातावर ठेवली. नुकतीच संक्रांत होऊन गेली होती. आईने माझ्या पिशवीतली चिक्की काढून त्यांना दिली. दोघी पुन्हा भेटणार नाहीत, पण पंधरा मिनिटांत दोन्हीकडच्या सुनांचा आढावा घेऊन झाला.

मानपूरचा घाट उतरला की माळवा संपून निमाड सुरू होतो. हवा लगेच बदलते. सकाळी चढवलेले स्वेटर महेश्वरपर्यंत हातात आले होते. थंडीतही एक पातळ कपडा आत घालून ठेवावा.

अहिल्याबाईंच्या जन्माचं तीनशेवं वर्ष चालू होतं (जन्म 31 मे 1725, चौंडी). दोनच दिवसांपूर्वी राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक महेश्वरला झाली होती, त्यामुळे गावभर कमानी आणि फलक. किल्ल्यातला त्यांचा वाडा मात्र त्या सगळ्यापलीकडे साधा आहे. लाकडी खांब, छोटं अंगण, बैठक, पांढऱ्या गादीवर पुतळा. इथे बसून त्यांनी 1767 ते 1795 राज्य केलं, काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट आणि देवळं बांधली, आणि स्वतःला एवढीशी जागा ठेवली. आदल्या दिवशी लालबाग पाहिल्यामुळे ते जास्तच डोळ्यांत भरलं. दोन्ही एकाच सहलीत बघा, आणि शक्यतो याच क्रमाने.

त्यांच्या काळापासून चालत आलेलं लिंगार्चन आजही सकाळी होतं. मातीची असंख्य छोटी शिवलिंगं करून पूजा करतात आणि नर्मदेत सोडतात. त्यासाठी मुक्काम करावा लागतो, इंदूरहून निघून वेळेत पोचणं अवघड.

घाट रुंद, स्वच्छ आणि पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. नावाडी बाणेश्वराच्या देवळापर्यंत नेतो. नदीच्या मधोमध खडकावर ते एकटंच उभं आहे. मुलाने नाव वल्हवायला मागितली, नावाड्याने दिली, आणि आम्ही थोडा वेळ जागच्या जागी गोल फिरलो. आई "नर्मदे हर" म्हणत राहिली, जरा मोठ्यानेच.

किल्ल्याजवळ हातमागांची खटखट ऐकू येते. रिचर्ड आणि सॅली होळकरांनी 1979 मध्ये सुरू केलेल्या रेहवा संस्थेचे माग बघता येतात. महेश्वरीच्या काठांवर लहर, वीट, चटाई, हिरा अशी नक्षी असते आणि ती बरीचशी किल्ल्याच्या नि घाटाच्या दगडी कामातून उचललेली आहे. घाटावर आधी कोरीवकाम नीट बघून ठेवलं की दुकानात साडी उलगडल्यावर ओळख पटते. मावशीचा सल्ला: सुती-रेशमी घ्या, दिवसाउजेडी घ्या, आणि मागावर बसलेल्या माणसाला आधी चार प्रश्न विचारा, म्हणजे दुकानदार आपल्याला पर्यटक समजत नाही.

परतीच्या वाटेवर एका ढाब्यावर दाल-पानिये मिळाले. मक्याच्या पिठाचे गोळे थापून पळसाच्या पानांत दाबतात आणि गोवऱ्यांवर भाजतात. पानाच्या शिरा भाकरीवर उमटतात, धुराचा वास लागतो. सोबत डाळ, कच्चा कांदा आणि निमाडी लाल मिरचीची चटणी. ढाबेवाल्या बाईंनी तूप वाढताना विचारलं नाही. या सहलीतलं माझं सगळ्यात आवडतं जेवण हे. इंदूरच्या कुठल्याही यादीत ते नव्हतं.

सोमवार

वाडे बंद, म्हणून बाजाराचा दिवस. आधी सिख मोहल्ल्यात, जिथे 28 सप्टेंबर 1929 ला लता मंगेशकर जन्मल्या. त्या जागी कपड्यांचं दुकान आहे, आत त्यांचं चित्र. आम्ही दारात घुटमळतोय हे बघून आतल्या मुलाने स्वतःच बोलावलं. बघण्यासारखं फार नाही. आईने तरी दोन टॉवेल घेतले, "नुसतं कसं निघायचं" म्हणून.

मग नमकीन. लवंगी शेव, रतलामी शेव, लसणाची शेव, मिक्चर. प्रत्येक दुकानात आधी चव देतात आणि ती मागायला लाजायचं नाही, दुकानदारच वाईट वाटून घेतो. रतलामी शेवेत लवंगेचा नि मिरीचा झणका असतो, पोह्यांवरची शेव त्याहून साधी. दोन्ही वेगवेगळ्या घ्या. मसाल्यांसाठी मारोठिया बाजार.

दुपारी मावशीकडे दाल-बाफले. बाटी थेट भाजतात. बाफला आधी हळदीच्या पाण्यात उकडतात, मग भाजतात, मग फोडून तुपात बुडवतात. बरोबर डाळ, कढी, लसणाची चटणी आणि शेवटी लाडू. पहिला बाफला आपण खातो, दुसरा आग्रहाने जातो, तिसरा नको म्हणायलाही जीभ उचलत नाही. काकांनी गाडीच्या वेळेआधी दोन तासांचा गजर लावूनच आम्हाला आडवं व्हायला परवानगी दिली. परतीच्या दिवशी बाफले खाणाऱ्या प्रत्येकाने हे करावं, गाडी संध्याकाळची असली तरी.

निघताना मावशीने जीरावन दोन पिशव्यांत बांधून, वर डब्यात घालून, डबा पुन्हा पिशवीत घालून दिला. महेश्वरी साडीच्या बॅगेत तो अजिबात ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद होती. नमकीनची वेगळी थैली, साड्यांची वेगळी. बोरिवलीला उतरेपर्यंत डब्यातल्या अर्ध्या लोकांनी विचारलं होतं, इंदूरहून आलात का?